वजन जास्त आहे? मग पहिल्याच दिवशी बूट काढून धावू नका

"डॉक्टर, वजन ९२ किलो आहे. धावायला सुरुवात करायची आहे. अनवाणी धावलेलं चांगलं असतं म्हणतात. बुटांचा खर्चही वाचेल. चालेल का?"

गेल्या काही वर्षांत ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी, चेंबूर या पट्ट्यातले रुग्ण हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. विचारणारा बहुतेक वेळा तिशी-चाळिशीतला असतो, बैठ्या कामाचा असतो, पोट सुटलेलं असतं आणि नुकताच रक्ताचा रिपोर्ट बघून घाबरलेला असतो. त्याने मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिलेले असतात. निसर्गाने पाय दिले, बूट माणसाने केले, मग बूट कशाला, असं त्याला मनापासून वाटू लागलेलं असतं.

या प्रश्नाला मी हसत नाही. व्यायाम करायची इच्छा होणं हीच मोठी गोष्ट आहे आणि अनवाणी धावण्यामागचा विचार अगदीच पोकळ नाही. पण माझं मत आधीच स्पष्ट सांगतो: वजन जास्त असलेल्या आणि आयुष्यात कधी न धावलेल्या माणसाने अनवाणी धावण्यापासून सुरुवात करू नये. मधुमेह असेल तर मुळीच नाही. त्याची कारणं आणि त्याऐवजी काय करायचं, ते खाली सांगतो.

ज्यांची उदाहरणं दिली जातात, ती माणसं कोण आहेत?

सर्वांत आधी नाव येतं मिलिंद सोमण यांचं. २०१६ साली ते अहमदाबाद ते मुंबई हे ५२७ किलोमीटरचं अंतर अनवाणी धावले. त्याच प्रवासात त्यांच्या आई उषाताई, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, साडी नेसून अनवाणी त्यांच्याबरोबर काही अंतर धावल्या. तो व्हिडिओ घराघरांत पोहोचला. पण सोमण हे तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी झुरिकची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली होती. अनवाणी धावणं ही त्यांची सुरुवात नव्हती, त्याआधी अनेक वर्षांची मेहनत होती.

दुसरं नाव बारामतीच्या लता करे यांचं. साठी ओलांडलेल्या या बाईंनी नऊवारी नेसून अनवाणी शर्यत जिंकली, कारण पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांच्या जिद्दीला नमस्कारच आहे. पण त्या अनवाणी धावल्या ते तब्येतीसाठी नव्हे, नाइलाजाने. शिवाय शेतमजुरी करत, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालत ते पाय तयार झाले होते. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे पाय तसे नसतात.

तिसरं नाव इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांचं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन अनवाणी धावले आणि २ तास १५ मिनिटांत जिंकले. ही अर्धी गोष्ट सगळे सांगतात. उरलेली अर्धी अशी की १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते बूट घालून धावले, पुन्हा जिंकले आणि वेळ होती २ तास १२ मिनिटं. बुटांनी त्यांचं काही बिघडवलं नाही.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. तिघांचंही वजन कमी आणि पाय वर्षानुवर्षे कष्टाला सरावलेले. त्यांच्या पायांकडे पाहून आपल्या पायांचा निर्णय घेणं बरोबर नाही.

अनवाणी धावण्याच्या बाजूने काय आहे?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. २०१० साली डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात आला. बूट घालून धावणारी बहुतेक माणसं टाचेवर उतरतात, तर लहानपणापासून अनवाणी धावणारी माणसं बहुधा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात, असं त्यांना दिसलं. चवड्यावर उतरताना टाचेला बसणारा सुरुवातीचा झटका जवळजवळ नाहीसा होतो. अनवाणी धावण्याची जगभरची लाट या काळातलीच. मात्र या अभ्यासात दुखापती मोजलेल्याच नव्हत्या. झटका कमी म्हणून दुखापत कमी, ही उडी नंतर लोकांनी मारली.

आपल्याकडचाही एक अभ्यास आहे. १९९२ साली राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी दक्षिण भारतातल्या २,३०० मुलांचे पाय तपासले. चपला-बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्या मुलांत २.८ टक्के होतं. लहानपणी पाय मोकळे राहिले तर तळव्याची कमान चांगली घडते, असा त्याचा अर्थ. म्हणून घरात मुलांना अनवाणी खेळू द्या, असं मी आईवडिलांना सांगतो. पण हे वाढत्या वयातल्या पायाबद्दल झालं. चाळिशीत ९२ किलो वजन घेऊन डांबरावर उतरलेल्या पायाबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही. उलट, पुढे मोठ्या माणसांची अशीच पाहणी झाली तेव्हा लठ्ठ व्यक्तींमध्ये सपाट तळवे जास्त आढळले.

भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार एका पायावर येतो. ९२ किलोच्या माणसासाठी हा भार होतो सुमारे २३० किलो. एका किलोमीटरमध्ये नवखा माणूस हजार-बाराशे पावलं टाकतो. म्हणजे तीन किलोमीटर धावलं, तर प्रत्येक पायाने हा भार दीड-दोन हजार वेळा झेलला.

बूट घालून टाचेवर उतरलं की या भारातला मोठा वाटा गुडघा उचलतो. अनवाणी चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा ताण थोडा हलका होतो, हे खरं. पण तो ताण हवेत विरत नाही. तो पोटरीवर, टाचेच्या मागच्या जाड शिरेवर म्हणजे अकिलीस टेंडनवर, तळव्याच्या पडद्यावर आणि बोटांमागच्या बारीक लांब हाडांवर जातो. ज्या पोटऱ्यांनी वर्षानुवर्षं लिफ्टपर्यंत चालण्यापलीकडे काम केलेलं नाही, त्यांच्यावर एकदम एवढं ओझं टाकणं म्हणजे सायकलच्या कॅरियरवर सिमेंटची गोणी ठेवण्यासारखं आहे.

त्यातही अवयवांचा वेग वेगवेगळा असतो. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. स्नायू महिना-दोन महिन्यांत तयार होतात. शिरा आणि हाडं मात्र महिनोन्‌महिने घेतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात माणसाला वाटतं की आता जमलं, आणि तो अंतर वाढवतो. नेमक्या त्याच वेळी हाडं सर्वांत मागे राहिलेली असतात. बारीक तडे म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर अशाच वेळी जातात.

याचा पुरावा २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मिळाला. त्यात ३६ जण होते आणि सगळे नियमित धावणारे. त्यांतल्या १९ जणांना अनवाणी पायासारखे पाच बोटांचे पातळ बूट देऊन दहा आठवड्यांत हळूहळू सवय करायला सांगितलं. दहा आठवड्यांनी एमआरआय केल्यावर १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली आणि दोघांच्या हाडांना तडा गेला होता. नेहमीचे बूट घालणाऱ्या १७ जणांत अशी सूज फक्त एकाला होती. सरावलेल्या धावपटूंची ही गत असेल, तर नवख्या आणि वजनदार माणसाने काय समजायचं?

असे पातळ बूट विकणाऱ्या व्हायब्रम या कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. या बुटांनी पाय मजबूत होतात आणि दुखापती कमी होतात, या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही असा आरोप होता. २०१४ साली कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली.

आपला रस्ता कसा आहे?

हा सल्ला मी ट्रॉम्बेत बसून लिहितो आहे, आणि इथल्या रस्त्यांचा विचार न करता तो देता येत नाही. अणुशक्तीनगरच्या आतले रस्ते झाडांचे आणि शांत आहेत, पण ते तिथे राहणाऱ्यांसाठी. बाकीच्यांच्या वाट्याला सायन-ट्रॉम्बे रस्त्याची कड, चिता कॅम्पच्या गल्ल्या, पायलीपाड्याचा चढ किंवा जेट्टीकडे जाणारी वाट येते. तिथे काचा असतात, खिळे असतात, माशांचे काटे असतात, कुत्र्यांची घाण असते. एप्रिल-मे महिन्यात सकाळी दहा वाजता डांबरावर पाय ठेववत नाही.

पावसाळ्यातला धोका सर्वांत मोठा. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि तळपायाच्या छोट्याशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली आहे. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन दिवसांच्या आत प्रतिबंधक औषध घ्या, असं महापालिका सांगत असते. पायाला जखम असताना तर अशा पाण्यात जाऊच नका. अनवाणी पायाने मातीत वावरल्यावर आकडीकृमीही त्वचेतून शिरू शकतात. आणि गंजका खिळा रुतला, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नाही, अशी तर निम्मी मंडळी असतात.

कोळीवाड्यातल्या जुन्या पिढीचे पाय बघा, आयुष्यभर अनवाणी वावरून तळवे कसे जाड झालेत, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण ते पाय चाळीस वर्षांत तयार झाले, चाळीस दिवसांत नव्हे.

मधुमेह असेल तर चर्चाच नाही

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. वजन जास्त असलेल्यांत त्याचं प्रमाण अधिक, आणि अनेकांना तो आपल्याला आहे हेच ठाऊक नसतं. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसांची संवेदना हळूहळू कमी होते. चपला निसटलेली कळत नाही, काच रुतलेली कळत नाही. अनवाणी धावण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद असा असतो की जमिनीचा स्पर्श कळला की पाय आपोआप जपून पडतो. ज्याला स्पर्शच कळत नाही, त्याच्यासाठी हा युक्तिवाद तिथेच संपतो. अशा पायावरची बारीक जखम चिघळून बोट किंवा पाऊल कापावं लागण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

म्हणून वजन जास्त असेल तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना पायाची संवेदना तपासायला सांगा. नायलॉनच्या बारीक धाग्याने होणारी ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि दुखत नाही.

मग करायचं काय?

आधी आपलं वजन खरंच जास्त आहे का ते पाहा. भारतीयांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त आणि २५च्या वर लठ्ठपणा मानतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. छातीत दुखणं, थोड्या श्रमाने धाप लागणं, चक्कर येणं, रक्तदाब जास्त असणं किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

१. पहिले सहा ते आठ आठवडे फक्त चाला. आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. चालणं म्हणजे कमी प्रतीचा व्यायाम, हा समज काढून टाका. आठवड्याला १५० मिनिटांचा जो सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते, तो इथेच पूर्ण होतो.

२. नंतर चालणं-धावणं मिसळा. एक मिनिट सावकाश धावा, तीन मिनिटं चाला. असं सहा-सात वेळा, एक दिवसाआड. पहिल्या आठवड्यातलं एकूण धावणं तीन किलोमीटरच्या आत ठेवा. हा आकडा मनाचा नाही. डेन्मार्कमधल्या नवख्या धावपटूंच्या अभ्यासात, पहिल्याच आठवड्यात तीन किलोमीटरपेक्षा जास्त धावलेल्या लठ्ठ व्यक्तींमध्ये दुखापतींचा धोका जास्त दिसला.

३. पावलं छोटी टाका. अनवाणी धावण्याचा जो खरा फायदा आहे तो इथे, बूट न काढता मिळतो. लांब ढांगा टाकू नका, पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या. पावलांची संख्या थोडी वाढवली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो.

४. साधे पण मापाचे बूट घ्या. दहा हजारांच्या बुटांची गरज नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच घट्ट बसायला हवी, तळ पुरेसा जाड हवा. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सध्या बूट घेणं जमत नसेल तर धावणं पुढे ढकला आणि मागे पट्टा असलेल्या मजबूत सँडल घालून चाला. चालण्याने तब्येत सुधारतेच.

५. पाय घरात मजबूत करा. मधुमेहाची न्यूरोपथी नसेल तर घरातल्या स्वच्छ फरशीवर रोज दहा-पंधरा मिनिटं अनवाणी व्यायाम करा. भिंतीला हात लावून टाचा वर उचलणं, पायाच्या बोटांनी फडका गोळा करणं, एका पायावर अर्धा मिनिट उभं राहणं. अनवाणी राहण्याची खरी जागा नवख्या माणसासाठी घर आहे, रस्ता नव्हे.

६. दुखण्याकडे लक्ष द्या. स्नायू सगळीकडून मोघम दुखत असतील तर दोन दिवसांत बरं वाटतं. पण पावलाच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी दुखत असेल, चालतानाही दुखत असेल, सूज असेल तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाच दुखत असेल तर तो बहुधा प्लांटर फॅशियायटिस असतो. वेळीच पोटरीचे आणि तळव्याचे ताणाचे व्यायाम सुरू केले तर तो आटोक्यात येतो.

वजनाचा हिशेब

एक किलोमीटर धावल्याने शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ९२ किलोच्या माणसाने तीन किलोमीटर धावलं तर सुमारे पावणेतीनशे कॅलरी. परतीच्या वाटेवर एक वडापाव खाल्ला की हिशेब जवळपास बरोबरीत. म्हणून वजन उतरवण्याचं मुख्य काम ताटात होतं. व्यायामाने साखर, रक्तदाब, झोप आणि मन सुधारतं, आणि उतरलेलं वजन टिकतं. यासाठी अनवाणी किंवा बूट घालून, याने काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो सातत्याने.

माझा अनवाणी धावण्याला विरोध आहे तो याच कारणासाठी. पाय दुखावलेला नवखा माणूस बहुतेकदा दोन महिने घरी बसतो. त्या दोन महिन्यांत उतरलेलं वजन परत येतं. "व्यायाम आपल्या नशिबात नाही," असं तो ठरवून टाकतो आणि पुन्हा रस्त्यावर उतरतच नाही. पायाचं हाड सहा-आठ आठवड्यांत जुळतं. मोडलेला उत्साह जुळायला वर्षं जातात. त्या वर्षांत साखर वाढत राहते, रक्तदाब वाढत राहतो. खरं नुकसान ते आहे.

कधीच अनवाणी धावायचं नाही का?

तसं नाही. सहा-आठ महिने न चुकता धावलात, वजन उतरलं, मधुमेह नाही, पाय दुखत नाहीत, आणि तरीही हौस असेल, तर करून बघा. एखाद्या स्वच्छ मैदानाच्या गवतावर आधी काही आठवडे अनवाणी चाला. मग नेहमीचं धावणं झाल्यावर शेवटी शंभर-दोनशे मीटर, आठवड्यातून दोनदा. पोटऱ्या दोन दिवसांहून जास्त दुखल्या तर मागे या. पावसाळ्यात मात्र नको. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर आधी ते घ्या.

तोपर्यंत उद्या सकाळी बूट किंवा सँडल घाला, अर्धा तास चालून या, आणि परवाही जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. मधुमेह, हृदयविकार, सांध्यांचे आजार किंवा गरोदरपण असल्यास व्यायाम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)